केप मे : समुद्रकाठच्या लाकडी गावात दोन रात्री

ओसरी (सदाशिव पेठ)

नमस्कार. गेल्या सप्टेंबरात लेकीकडे एडिसनला असताना आम्ही दोघे न्यू जर्सीच्या दक्षिण टोकावरील केप मे या गावी दोन रात्री राहून आलो. मुलांकडे न्यू जर्सीला जाणारे आईवडील पुण्यात आता घरोघरी आहेत. आमच्या सोसायटीतल्याच चौघांनी या गावाविषयी विचारले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

एका अंगाला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या अंगाला डेलावेअरचा उपसागर, अशा दोन पाण्यांमधल्या चिंचोळ्या द्वीपकल्पाच्या अगदी शेवटी केप मे वसले आहे. भूशिराचे नाव कॉर्नेलियस याकोब्सेन मे या डच दर्यावर्दीवरून पडले. एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे धरावा आणि तो संपेपर्यंत जात राहावे. जिथे त्याचा शून्य मैलाचा टप्पा येतो तिथे गाव येते. अंतर सुमारे १३० मैल आहे आणि रस्ता मोकळा मिळाला तर अडीच तास पुरतात. गावाची कायम वस्ती तीन हजारांच्याही आत आहे, मात्र उन्हाळ्यात ती कित्येक पटींनी वाढते. समुद्रावर आम्ही रोज सकाळी तासभर बसलो. उरलेला सगळा वेळ घरे पाहण्यात गेला, आणि जाणाऱ्यांनी बेत तसाच आखावा असे मी आग्रहाने सांगेन.

सहाशेहून अधिक जुनी घरे या एवढ्याशा गावात उभी आहेत आणि त्यांतली बहुतेक लाकडी आहेत. प्रत्येक घराला पुढे प्रशस्त ओसरी, ओसरीवर झुलत्या खुर्च्या, वर सज्जा, आणि छपराच्या कडेने व खांबांच्या माथ्यावर करवतीने कातरलेली लाकडी झालर. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणाऱ्या करवती आल्यामुळे असे नक्षीकाम स्वस्त झाले आणि सामान्य ऐपतीच्या घरमालकालाही ते परवडू लागले. रंग एकाच घराला तीन-चार असतात : भिंतीला एक, चौकटीला दुसरा, झालरीला तिसरा. गर्नी स्ट्रीटवर एकाच नमुन्याच्या घरांची ओळ आहे. संध्याकाळचे ऊन त्यांच्या ओसऱ्यांवर तिरपे येते, त्या वेळी तिथे जावे.

ह्यूज स्ट्रीटवर एका सकाळी शिडीवर चढून एक कारागीर झालरीचा जुना रंग खरवडत होता. पात्याखालून पिवळा पापुद्रा निघाला, त्याखाली हिरवा, आणि त्याखाली आपल्या गेरूसारखा तांबूस. झालरीचा एक तुकडा कुजलेला होता. तो त्याने खाली कापडावर ठेवला होता आणि शेजारी जाड कागदावर पेन्सिलीने त्याचा काठ गिरवून घेतला होता, म्हणजे नवा तुकडा तंतोतंत त्याच मापाने कापता यावा. मी बराच वेळ उभी राहिले. आमचा पेठेतला वाडा १९९४ मध्ये उतरवला, तेव्हा सज्जाखालचे कोरीव सागवानी हस्त, म्हणजे सज्जाला आधार देणारे टेकू, जुन्या बाजारात वजनावर गेले होते. त्यांतल्या एकाचाही काठ कोणी कागदावर गिरवून ठेवला नव्हता.

या गावाचा इतिहास वाचताना मला पुण्याच्या तारखा सारख्या आठवत राहिल्या. एलिस ह्यूज नावाच्या खाणावळवाल्याने १८०१ मध्ये फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रात येथील समुद्रस्नानाची जाहिरात दिली होती. पेशवाई बुडण्याच्या दोनच वर्षे आधी, १८१६ मध्ये, काँग्रेस हॉल हे भव्य लाकडी वसतिगृह, म्हणजे पर्यटकांचे हॉटेल, उभे राहिले. एवढ्या मोठ्या इमारतीत कोण उतरणार, असे म्हणत गावकऱ्यांनी तिला मालकाचा खुळेपणा ठरवले होते. पुढे तो मालकच अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेला आणि इमारतीला आजचे नाव मिळाले. आधी फिलाडेल्फियाहून आगबोटी येत, मग १८६३ मध्ये रेल्वे आली.

१८७८ च्या नोव्हेंबरात गावाला मोठी आग लागली. सुमारे ३५ एकरांतली वसतिगृहे आणि घरे जळाली आणि काँग्रेस हॉलही गेला. पुढच्याच वर्षी तो विटांनी बांधून काढला, आणि तोच आज उभा आहे. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८९१ च्या उन्हाळ्यात तिथूनच कारभार चालवला. केप मेच्या आगीनंतर सहा महिन्यांनी, म्हणजे मे १८७९ मध्ये, पुण्यात बुधवार वाडा जळून खाक झाला आणि विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग आगीत सापडला. तो भाग लोकवर्गणी आणि नगरपालिकेची मदत यांतून पुन्हा उभारला, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नाही.

आगीनंतर केप मेत पूर्वीसारखी अवाढव्य वसतिगृहे उभी राहिली नाहीत. त्यांच्या जागी लहान घरे आली आणि तीही तेव्हाच जुन्या वळणाची मानली जाणारी. पैसेवाले पर्यटक तोवर अटलांटिक सिटीकडे वळले होते. त्यामुळे ही घरे पाडून नवी बांधावीत इतका पैसा गावात आलाच नाही, आणि पुढची ऐंशी वर्षे ती जशीच्या तशी राहिली.

मग मार्च १९६२ चे वादळ आले. लागोपाठ पाच भरत्या किनाऱ्यावर चढल्या आणि समुद्राकाठचा फळ्यांचा पदपथ उखडला गेला. आपला पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा, म्हणजे दोन्हींत आठ महिन्यांचे अंतर. वादळानंतर सरकारी पुनर्रचनेचा पैसा आला तेव्हा जुनी घरे पाडून मोटेले बांधण्याचे बेत पुढे आले आणि काही घरे पडलीही. त्या वेळी कॅरोलिन पिट्स या इतिहासकार बाईंनी गावातील इमारतींची पाहणी करून नोंदी तयार केल्या. १८७९ मधले फिझिक इस्टेट हे अठरा खोल्यांचे घर पाडले जाणार असे दिसताच नागरिकांनी १९७० मध्ये संस्था काढली आणि ते वाचवले. १९७६ मध्ये संपूर्ण गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्या घराचे संग्रहालय आज तीच संस्था चालवते, ट्रॉलीतून गाव दाखवते, आणि दीपगृहाची देखभालही तिच्याकडेच आहे. फिझिक इस्टेट आतून पाहण्यासाठी मार्गदर्शकासह फेरी असते; तिला दीड तास द्यावा. स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या मला दिवाणखान्याहून अधिक मोलाच्या वाटल्या.

राहण्याबद्दल एक सूचना कळकळीने करते. यांतली पुष्कळ घरे आता न्याहारीसह उतरण्याची ठिकाणे झाली आहेत आणि त्यांत लिफ्ट नसते. आम्हाला तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. जिना अरुंद, पायऱ्या उंच आणि यजमानांच्या गुडघ्याचे तीन वर्षांपूर्वीच ऑपरेशन झालेले. आरक्षणाच्या वेळी तळमजल्याची खोली हवी असे आम्ही लिहिले होते, पण ते कोणी वाचले नव्हते. तरी तुम्ही फोन करून, बोलून खात्री करून घ्यावी. एवढा त्रास सोडला तर सकाळी ओसरीवर चहा घेऊन बसणे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने न चुकता नमस्कार करणे, हे मला थेट माझ्या लहानपणच्या वाड्यात घेऊन गेले.

कोणी जाऊन आले असल्यास भर घालावी.


नळस्टॉप

ताई, लेख फार आवडला. आम्ही जुलैमध्ये मुलाकडे जात आहोत. त्याला सुट्टी कमी असल्यामुळे एका दिवसात जाऊन येता येईल का? तसेच शाकाहारी माणसाची जेवणाची सोय कशी होते?


ओसरी

जाऊन येता येईल, पण जुलैतल्या शनिवारी-रविवारी पार्कवेवर दक्षिणेकडे इतकी गर्दी असते की जाण्यायेण्यातच दिवस सरेल. सकाळी सहाला निघू शकत असाल तरच तो बेत करा, नाहीतर आठवड्यातला मधला दिवस निवडा. उन्हाळ्याच्या हंगामात दिवसा वाळूवर उतरण्यासाठी बारा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला बिल्ला विकत घ्यावा लागतो. काठावरच्या पदपथावरून चालायला तो लागत नाही. गाडी उभी करण्याचे पैसे तासाप्रमाणे असतात.

केप मे हे पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक असल्यामुळे बहुतेक ठिकाणी जेवणात मासळीच पुढे असते. आम्ही पिझ्झा, पास्ता आणि सॅलड यांवर भागवले. जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर वाटेतल्या शेतकऱ्यांच्या टपरीवरून न्यू जर्सीचे टोमॅटो आणि गोड मका अवश्य घ्या. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात मेथीचे ठेपले आम्ही नेले होते, ते पहिल्याच संध्याकाळी समुद्रावर संपले.


कालवा

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझे लक्ष घरांपेक्षा वाळूकडे अधिक गेले. एक दुरुस्ती सुचवतो. हे गाव भूगोलाने द्वीपकल्पाच्या टोकावर असले, तरी १९४२ पासून ते काटेकोर अर्थाने बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या उपसागराच्या तोंडाशी वावरत होत्या. जहाजांना भूशिराला वळसा घालावा लागू नये म्हणून अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी मागच्या बाजूने कालवा खणला, आणि त्यामुळे गावाचा मुख्य भूमीशी असलेला जमिनीचा सांधा तुटला. आपण पुलावरून गावात शिरतो तो त्यामुळेच. त्याच काळातला तोफांच्या माऱ्याची दिशा ठरवणारा काँक्रीटचा मनोरा सनसेट बीचकडे जाणाऱ्या रस्त्यालगत उभा आहे, आणि केप मे पॉइंटच्या किनाऱ्यावर तोफखान्याचा काँक्रीटचा कोठाही आहे.

वाळूची कथा अशी की बंदराच्या तोंडाशी विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी धक्के बांधले गेले. या किनाऱ्यावर वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते. धक्क्यांनी ती अडवली आणि खालच्या गावाची पुळण झिजू लागली. साउथ केप मे नावाचे शेजारचे गाव समुद्राने हळूहळू गिळले. तिथली काही घरे लोकांनी उचलून केप मेत आणून बसवली, आणि १९४५ मध्ये ते गाव कागदोपत्रीही संपले. त्या जागी आता पाणथळ कुरण राखले आहे. आज केप मेची पुळण रुंद दिसते ती १९९० च्या दशकापासून वेळोवेळी पंपाने वाळू आणून टाकल्यामुळे. धरणाच्या खाली नदीचा गाळ थांबला की काठ कसे खचतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सनसेट बीचवर आणखी एक वस्तू आहे. पहिल्या महायुद्धात पोलाद कमी पडले म्हणून काँक्रीटची जहाजे बांधली गेली, त्यांपैकी अटलांटस हे एक. फेरीबोटीच्या धक्क्यासाठी ते १९२६ मध्ये इथे आणले होते, पण वादळात दोर तुटून ते किनाऱ्याजवळ रुतले आणि पुन्हा निघालेच नाही. शंभर वर्षांच्या लाटांनंतर आता अगदी थोडा भाग पाण्यावर दिसतो, आणि दर वर्षी आणखी कमी होतो.


भिगवणचा वाटाड्या

पक्ष्यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. जगभरच्या पक्षीनिरीक्षकांना केप मे माहीत आहे ते त्याच्या आकारामुळे. शरद ऋतूत उत्तरेकडून निघालेले पक्षी किनाऱ्याच्या कडेने खाली येतात, द्वीपकल्प नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते, आणि पुढे रुंद उपसागर दिसला की ओलांडण्याआधी ते टोकावर थांबतात. केप मे पॉइंटच्या राज्य उद्यानात त्यासाठी लाकडी मचाण आहे. शिकरा, ससाणा, मत्स्यगरुड यांच्या कुळातील शिकारी पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथून डोक्यावरून जाताना मोजले जातात, आणि मोजणारे तज्ज्ञ नवख्या माणसालाही आनंदाने ओळख पटवून देतात. उद्यानात प्रवेश विनामूल्य आहे. मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरेही याच काळात इथे विसावतात. थंड सकाळी पिवळ्या गोल्डनरॉडच्या झुडपावर ती पंख मिटून शेकड्यांनी बसलेली असतात आणि ऊन लागले की एकेक करून उघडतात.

वसंतात जाणाऱ्यांसाठी वेगळा सोहळा आहे. मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला घोड्याच्या नालासारखे कवच असलेले खेकडे उपसागराच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. ती खाण्यासाठी रेड नॉट हा छोटा किनारपक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून उडत येतो, इथे वजन वाढवतो आणि आर्क्टिककडे निघून जातो. पक्ष्यांची संख्या घटत चालल्यामुळे त्या दिवसांत काही किनारे बंद ठेवतात. पाटी दिसली तर दोरीपलीकडे पाऊल टाकू नये. उजनीच्या काठावर रोहित पक्ष्यांच्या मागे होड्या घालणारी मंडळी मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

गावाचे नाव लावणारा केप मे वॉर्बलर नावाचा एक चिमुकला पक्षीही आहे. त्याचा नमुना १८११ मध्ये इथे मिळाला आणि ॲलेक्झांडर विल्सन याने त्यावरून नाव दिले. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे तो केप मेत कोणाला दिसला नाही!


दिंडी दरवाजा

ओसरीताईंच्या लेखातील पुण्याच्या तुलनेबाबत मला दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत.

पहिली अशी की पुण्यातले वाडे केवळ अनास्थेमुळे गेले नाहीत. एका वाड्याला भाऊबंदांतले दहा-पंधरा वारस, त्यात बारा बिऱ्हाडे, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी. आमच्या वाड्यात एका खोलीचे भाडे महिन्याला आठ रुपये होते, आणि एक तुळई बदलायची तर सहा वर्षांचे एकत्र भाडे पुरले नसते. केप मेच्या घरमालकाला खोल्या पाहुण्यांना देऊन रंगाचे पैसे उभे करता आले. आपल्या मालकाला तो मार्ग उपलब्ध नव्हता. आणि तीन हजारांच्या गावाची मोजपट्टी तीस लाखांहून मोठ्या शहराला लावणे मला तितकेसे योग्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घरे वाचवली गेली, पण सगळ्यांची नाही. लाफायेट स्ट्रीटच्या आसपास कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती, त्यांची घरे आणि दुकाने होती. १९६० च्या दशकातल्या पुनर्रचनेत त्या वस्तीचा बराच भाग पाडला गेला आणि कुटुंबे गाव सोडून गेली. गुलामगिरीतून स्वतः सुटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांनी १८५० च्या दशकाच्या आरंभी केप मेत उन्हाळ्यात स्वयंपाकिणीचे काम करून त्या कार्यासाठी पैसे साठवले. त्यांच्या नावाचे छोटे संग्रहालय याच रस्त्यावर, चर्चच्या पाद्रींच्या जुन्या घरात आहे. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय व्यापारी स्टीफन स्मिथ यांनी १८४६ मध्ये बांधलेले उन्हाळी घरही जवळच आहे. रंगीत ओसऱ्या पाहून झाल्यावर इथे एक तास द्यावा, नाहीतर गावाची अर्धीच ओळख होईल.


ओसरी

आपले दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. टबमन संग्रहालय आम्ही पाहिले होते आणि ते लेखात यायलाच हवे होते. घरांच्या ओघात ते राहिले, ही माझी चूक. तिथे खोल्या इतक्या लहान आहेत की दहा माणसे आत आली की एकमेकांना वाट द्यावी लागते, पण मार्गदर्शक बाई ज्या तळमळीने बोलत होत्या त्यामुळे कोणीच घाई केली नाही.

भाड्याचे गणित आमच्या घरीही तेच होते. माझे वडील दर पावसाळ्याआधी कौले शाकारायला माणूस बोलवत, आणि शेवटच्या काही वर्षांत तेवढेही परवडेनासे झाले. तरी मला एवढेच म्हणायचे आहे की वाडा उतरवणे भाग पडले, तेव्हा त्याचे नकाशे, मापे, छायाचित्रे करून ठेवणे कोणत्याही कायद्याने अडवले नव्हते. केप मेतही काम सुरू झाले ते इमारतींच्या नोंदींपासूनच, आणि पैसा नंतर आला. पेठांतून जे वाडे आज उभे आहेत, त्यांच्याबाबत एवढे तरी आपण करू शकतो. आमच्या गल्लीतल्या दोन वाड्यांचे दरवाजे, हस्त आणि गवाक्षे मोजून काढण्याचे काम मी दिवाळीपासून सुरू केले आहे. मोजपट्टी धरायला कोणी येणार असेल तर निरोप ठेवावा.


कालवा

मी येईन. बांधकामाचे नकाशे हाताने काढण्याची सवय अजून गेलेली नाही.


नळस्टॉप

आम्ही जुलैऐवजी ऑक्टोबरचा पहिला आठवडा नक्की केला आहे. मुलाने दोन दिवसांची रजा काढली. दीपगृहावर चढणे जमेल का आणि सूर्यास्त कुठून पाहावा, एवढे सांगावे.


ओसरी

दीपगृह १८५९ चे आहे, उंची सुमारे १५७ फूट. मनोऱ्यात लोखंडी चक्राकार जिन्याच्या १९९ पायऱ्या आहेत, त्याचे तिकीट वेगळे. मधेमधे थांबायला खिडकीपाशी जागा आहे, त्यामुळे मी पासष्टीत चढू शकले. यजमान खाली मचाणावर पक्षी पाहत बसले. वरून एकाच नजरेत महासागर आणि उपसागर दोन्ही दिसतात आणि द्वीपकल्प म्हणजे काय ते समजते.

सूर्यास्तासाठी सनसेट बीचवर जा. महासागराच्या किनाऱ्यावर सूर्य उगवतो, आणि इथे तो उपसागरात मावळतो. तिथल्या वाळूत डेलावेअर नदीने वरून वाहून आणलेले गारगोटीचे पारदर्शक खडे मिळतात, त्यांना तिथे केप मेचे हिरे म्हणतात. कोरडे असताना ते धुरकट दिसतात. पाण्याच्या कडेला, लाट मागे फिरताना शोधावेत. तिथे वाळूपेक्षा खडीच जास्त आहे, म्हणून जाड तळव्याच्या चपला न्याव्यात. परतीला वेळ असेल तर गाडीसह फेरीबोटीने उपसागर ओलांडून डेलावेअरमधल्या लुईस गावी जाता येते. १७ मैलांचा प्रवास, ८५ मिनिटे लागतात. ऑक्टोबरात डेकवर वारा फार असतो, तरी यजमानांसाठी कानटोपी ठेवा.